बाजार आधी की जेवण आधी? लहान मुलांसह शेतकरी बाजार आणि बाहेरचं जेवण एकाच फेरीत उरकण्याची पद्धत

सुट्टीच्या सकाळी शेतकरी बाजारात जायचं, ताजी भाजी-फळं घ्यायची आणि येताना बाहेरच जेवून यायचं, असा बेत पुष्कळ घरांत ठरतो. दुपारी दीडच्या सुमाराला तो फसतो. एक मूल टेबलाखाली शिरलेलं असतं, दुसरं कडेवर रडत असतं, जेवणाचा पत्ता नसतो आणि पिशवीतल्या पालेभाजीने मान टाकलेली असते. मग सगळा दोष पोरांच्या माथी जातो. बहुतेक वेळा चुकलेला असतो तो क्रम. हा लेख साधारण सहा महिने ते सहा वर्षांची मुलं असलेल्या घरांसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा गाळला तर त्याची किंमत पुढच्या टप्प्यात मोजावी लागते.

## टप्पा १: आदल्या दिवशी वेळ उलटी मोजा

बहुतेक जण निघायची वेळ आधी ठरवतात आणि बाकीचं देवावर सोडतात. लहान मूल बरोबर असताना सुरुवात शेवटाकडून करायची, म्हणजे मुलाच्या दुपारच्या झोपेपासून.

समजा मूल एक वाजता झोपतं. म्हणजे साडेबाराला घरात पाय हवा. हॉटेल ते घर वीस मिनिटं धरली तर बारा-दहाला हॉटेलातून बाहेर पडायचं. जेवायला बसणं, ऑर्डर, खाणं, बिल यांना पाऊण-एक तास लागतो, म्हणजे सव्वाअकराला टेबलावर. त्याआधी हात-पाय धुणं, लघवी, पिशव्या लावणं आणि हॉटेलपर्यंत पोचणं यांसाठी अर्धा तास. म्हणजे पावणेअकराला बाजार संपला पाहिजे. साडेनऊला बाजारात पोचलात तर हाताशी सव्वा तास आहे, आणि तेवढा पुरतो. त्याहून जास्त वेळ लागेल असं वाटत असेल तर यादी लांबली आहे. ती कापा, झोप कापू नका.

लवकर जेवायला बसण्याचा आणखी एक फायदा म्हणजे स्वयंपाकघर अजून मोकळं असतं. गर्दीच्या वेळी जे पान अर्ध्या तासाने येतं ते तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत येतं. दोन-तीन वर्षांचं मूल टेबलाशी अर्धा तास शांत बसलं तर ते पुष्कळ झालं, आणि हा अर्धा तास वाट बघण्यात घालवायचा की खाण्यात, ते तुमच्या पोचण्याच्या वेळेवर ठरतं.

आदल्या दिवशीच हॉटेलात एक फोन करा आणि नेमकं विचारा:

- जेवण किती वाजता सुरू होतं? (दार उघडतं ती वेळ आणि स्वयंपाकघर सुरू होतं ती वेळ वेगळी असू शकते.)
- मुलांची उंच खुर्ची आहे का, आणि तिला पट्टा आहे का?
- बाबागाडी आत नेता येते, की पायऱ्या आहेत?
- डायपर बदलायला जागा आहे का?
- बिनतिखट आणि कमी मिठाचा एखादा पदार्थ करून मिळेल का?

"मुलांना घेऊन आलो तर चालेल ना?" हा प्रश्न मात्र विचारू नका. उत्तर नेहमी "हो, या ना" असंच येतं आणि त्यातून काहीच कळत नाही.

तपासा: कागदावर पाच वेळा लिहिल्या आहेत का? निघणं, बाजारात पोचणं, बाजारातून बाहेर, टेबलावर, घरी. यातली बाजारातून बाहेर पडायची वेळ फोनच्या गजरात लावून ठेवा. बाकीच्या चारांना थोडी ढील चालते, हिला चालत नाही.

## टप्पा २: आधी काय, ते नाशवंत मालावरून ठरवा

दूध, मांस, मासे, पनीर-चीज, कापलेली फळं आणि शिजवलेलं अन्न थंडाव्याबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर ही मुदत एका तासावर येते. कारण ४ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू फार झपाट्याने वाढतात. आणि हे घड्याळ तुम्ही माल हातात घेता तेव्हा सुरू होतं, घरी पोचल्यावर नाही. नेमकी इथेच गल्लत होते.

वरचंच वेळापत्रक घ्या. दहा-चाळीसला दुधाची बाटली घेतली आणि साडेबाराला घरी आलात, तर एक तास पन्नास मिनिटं झाली. थंड दिवशी कसंबसं जमलं. उन्हाळ्यात मुदत पन्नास मिनिटं आधीच उलटून गेली. त्यामुळे तीनच मार्ग उरतात: गोठवलेल्या बर्फाच्या पॅकसह उष्णतारोधक पिशवी न्या, किंवा असा माल त्या दिवशी घेऊच नका, किंवा आधी खा आणि मग बाजार करून थेट घर गाठा.

माझं मत विचाराल तर धाकटं मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तेव्हा तिसरा मार्ग बरा. सकाळचा नाश्ता बाहेर करा, मग बाजार, मग घर. नाश्ता लवकर येतो, लवकर संपतो, पोट भरलेलं पोर बाजारात कमी किरकिर करतं आणि नाशवंत माल सरळ घरी जातो. तीन वर्षांच्या पुढची मुलं असतील तर बाजार आधी आणि जेवण नंतर हा क्रम चालतो, कारण "आता जेवायला जायचंय" हे त्यांना कळतं आणि त्या आशेवर ती तग धरतात. पुढचे टप्पे याच क्रमाने लिहिले आहेत. नाश्ता आधी करणार असाल तर टप्पा ६ आणि ७ चौथ्याच्या आधी घ्या, आणि बाजारातून थेट टप्पा ८ वर या.

संध्याकाळी भरणाऱ्या बाजाराला लहान मुलं नेऊ नयेत असं नाही, पण मग जेवणाचा बेत त्याला जोडू नका. थकवा, अंधार, गर्दी आणि भूक एकाच वेळी अंगावर येतात.

## टप्पा ३: दोन पिशव्या, एकमेकींत न मिसळणाऱ्या

मुलांची पिशवी वेगळी आणि खरेदीच्या पिशव्या वेगळ्या. मातीची जुडी आणि बाळाचं लाळेरं एका पिशवीत आलं की बेत तिथेच बिघडला. मुलांच्या पिशवीत एवढं हवं:

- प्रत्येक मुलाचा कपड्यांचा एक पूर्ण जोड, चड्डीसह. लहान बाळाचे दोन.
- डायपर, ओले वाइप्स, घाण कपड्यांसाठी बंद होणारी पिशवी.
- पाणी, प्रत्येकाच्या ओळखीच्या बाटलीत.
- लाळेरं, मुलाचा स्वतःचा चमचा आणि अन्न कापायला छोटी कात्री. ही कात्री फार उपयोगी पडते. हॉटेलातल्या बोथट सुरीने मुलाच्या घासाएवढे तुकडे होत नाहीत.
- बोटभर कोरडा खाऊ. पोट भरणारा नको.
- टेबलावर आवाज न करणाऱ्या दोन वस्तू: कागद आणि खडू, किंवा एखादं छोटं पुस्तक. चेंडू आणि चाकांची खेळणी घरी ठेवा.
- कोणाला ॲलर्जी असेल तर तिचं औषध. हे पिशवीतही नको, ज्याच्याबरोबर ते मूल आहे त्या मोठ्या माणसाच्या अंगावर हवं. गाडीत ठेवलेलं औषध नसल्यासारखंच.

खरेदीसाठी एक टणक तळाची मोठी पिशवी, एक हलकी उथळ पिशवी नाजूक मालासाठी आणि लागणार असेल तर थंड पिशवी. सुट्टे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. कडेवर मूल घेऊन फोन काढणं आणि पैसे पाठवणं दिसतं तेवढं सोपं नसतं.

बाबागाडी की झोळी? बाजाराची जमीन खडबडीत असेल किंवा वाटा अरुंद असतील तर बाळ अंगाशी बांधून घ्या. गाडी नेलीत तर तिच्या दांडीला पिशव्या लटकवू नका. मूल आत असतानाही गाडीचा तोल जाऊ शकतो. मुलाला उचललं की मागच्या वजनाने ती उताणी पडते.

निघण्याआधी: मुलांना घरी थोडंसं खाऊ घाला, नेहमीच्या खाण्याच्या निम्म्याने. उपाशी मूल बाजारात दिसेल ते मागतं आणि पोट टम्म भरलेलं मूल हॉटेलात तोंड फिरवतं.

## टप्पा ४: बाजारात पहिली फेरी रिकाम्या हाताने

पोचल्यावर लगेच खरेदी करू नका. एक पूर्ण चक्कर मारा, दहा मिनिटांची. कोणाकडे काय आहे, माल सावलीत आहे की उन्हात, पाणी आणि स्वच्छतागृह कुठे आहे, एवढं बघून घ्या. मुलांनाही याच फेरीत सगळं पाहून होतं आणि नंतर ती कमी ओढतात. "हरवलास तर इथे ये" असं सांगण्यासाठी एक ठळक खूणही याच फेरीत दाखवा. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला तुमचं नाव आणि फोन नंबर पाठ हवा. त्याहून लहान असेल तर नंबर त्याच्या दंडावर पेनने लिहा, किंवा चिठ्ठी खिशात घाला.

दोन मोठी माणसं असतील तर कामं आधी वाटून घ्या. एक मुलांचा, एक खरेदीचा. दोघंही दोन्ही बघतोय म्हणाले की कोणीच बघत नसतं. अर्ध्या वेळानंतर अदलाबदल करा, पण तोंडाने सांगून: "आता मुलं तुझ्याकडे." एकटेच असाल तर यादी अर्धी करा, आणि पैसे देताना मुलाचा हात धरता येत नसेल तर त्याला तुमची पिशवी धरायला लावा. मोठी मुलं हे काम मनापासून करतात.

प्रत्येक मुलाला एकच काम आणि एकच निवड द्या. काम म्हणजे चार फळं मोजून देणं. निवड म्हणजे त्याने आपल्या मनाने घ्यायची एक भाजी किंवा एक फळ, जे पुढच्या दोन दिवसांत नक्की खाल्लं जाईल. निवडीला "हो" म्हणायची तयारी ठेवा. मुलाने उचललेलं "हे नको, ते घे" म्हणून बदलायचं असेल तर निवड देऊच नये.

खबरदारी, चव घेण्याबद्दल: विक्रेते प्रेमाने मुलांच्या हातात फळाची फोड ठेवतात. ती घेण्याआधी चार गोष्टी पक्क्या हव्यात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटावर लावूनही नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि मध शुद्ध असला तरी धोका तोच राहतो. कच्चं, न तापवलेलं दूध, त्यापासून केलेलं मऊ चीज आणि पाश्चराइज न केलेला (जंतू मरतील असा न तापवलेला) रस लहान मुलांना देऊ नका. न धुतलेलं फळ तोंडात जाऊ देऊ नका. आणि अख्खी द्राक्षं, छोटे गोल टोमॅटो, अख्खा सुकामेवा पाच वर्षांखालच्या मुलांना नाहीच. गोल आणि निसरडी वस्तू श्वासनलिकेत बुचासारखी बसते. द्राक्ष कापायचं ते आडवं नव्हे, उभं, देठापासून टोकापर्यंत, आणि त्याच्या चार फोडी करायच्या. आडवं कापलं तर दोन छोटे गोल तयार होतात, धोका तसाच राहतो.

बाजारात कोंबड्या, बकऱ्या किंवा वासरं असतील आणि मुलांनी त्यांना हात लावला, तर लगेच साबणाने हात धुवा. जंतुनाशक जेल ही तात्पुरती सोय आहे. मळलेल्या हातांवर ती नीट काम करत नाही आणि ॲलर्जी आणणारे अन्नकण तर तिने निघतच नाहीत. ते साबण-पाण्याने किंवा वाइप्सने पुसूनच जातात.

## टप्पा ५: खरेदीचा क्रम: जड, मग नाजूक, मग थंड

दुसऱ्या फेरीत खरेदी. आधी बटाटे, कांदे, भोपळा, गाजर यांसारखा जड आणि टणक माल, मोठ्या पिशवीच्या तळाशी. त्यावर शेंगा आणि वांगी. पालेभाज्या आणि मऊ फळं उथळ पिशवीत, शेवटच्या पंधरा मिनिटांत. दूध, पनीर, मांस-मासे सगळ्यात शेवटी, बाहेर पडताना. दाराशी दिसला म्हणून दुधाचा स्टॉल आधी गाठला तर सव्वा तासाचं ऊन त्याला फुकट मिळतं. कच्चं मांस आणि मासे स्वतंत्र बंद पिशवीत, इतर कशालाही न लागता.

ताजेपणा बघताना पानाआधी देठ बघा. जुडीवर पाणी शिंपडलं की पानं तरतरीत दिसतातच, पण देठाचा कापलेला भाग खोटं बोलत नाही. तो ओलसर आणि फिकट असेल तर माल ताजा. सुकलेला आणि तपकिरी असेल तर जुना. वांग्याची साल तुकतुकीत आणि टोपी हिरवी हवी. बटाट्यावर हिरवी झाक किंवा कोंब असतील तर घेऊ नका, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असू शकतं. शेंगांची टोकं मोडून पाहायची सवय अनेकांना असते. ती सोडलेली बरी. विक्रेत्याचा माल खराब होतो आणि मागे उभं असलेलं तुमचं पोर पुढच्या टोपलीवर तेच करतं.

त्यापेक्षा विचारा. "हे कधी काढलं?" आणि "आज खायचं की दोन दिवसांनी?" या दोन प्रश्नांनी जेवढं कळतं तेवढं दाबून, हुंगून कळत नाही. शेतकरी बाजारात हे विचारण्यात अर्थ आहे, कारण समोर बहुधा पिकवणाराच उभा असतो. मक्याची कणसं आणि हिरवे वाटाणे त्याच दिवशीचे असतील तरच घ्या. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचं पिष्ट होऊ लागतं, आणि मुलांना तो फरक मोठ्यांपेक्षा आधी जाणवतो.

थेट शेतातून आलं म्हणजे फवारणी झालेली नाही असं समजू नका. ते वेगळं विचारावं लागतं, आणि उत्तर काहीही आलं तरी धुवावं लागतंच.

किती घ्यायचं? मोठी चूक इथे होते. ढीग बघून हात सुटतो. मऊ फळं आणि पालेभाजी तीन दिवसांत संपेल एवढीच घ्या. लहान मुलांच्या घरात एखादा दिवस ताप-सर्दीत जातो, एखादा दिवस नुसत्या वरण-भातावर निभतो, आणि जुड्या तशाच राहतात.

तपासा: गजर वाजला की यादीत काय राहिलं ते बघायचं नाही, निघायचं. जाताना मुलं मोजा, पिशव्या मोजा, बाबागाडीच्या खालच्या जाळीत काही राहिलं आहे का ते बघा.

## टप्पा ६: बाजार ते टेबल

हा टप्पा सगळे गाळतात. बाजारातून थेट हॉटेलात घुसतात आणि मग मेनू वाचायचा की डायपर बदलायचा या पेचात सापडतात. मधला अर्धा तास राखून ठेवला आहे तो याचसाठी. सगळ्यांचे हात साबणाने निदान २० सेकंद धुवा. मोठ्या मुलांना "येत नाही" म्हणाली तरी लघवीला न्या. बाळाचा डायपर ओला नसला तरी बदला. पाणी पाजा.

खरेदी गाडीत ठेवणार असाल तर थंड पिशवी मात्र बरोबर आत न्या. बंद गाडी उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी तापते आणि काच थोडी उघडी ठेवल्याने त्यात विशेष फरक पडत नाही.

खबरदारी: याच कारणाने मूल गाडीत कधीही एकटं ठेवू नका. झोपलेलं असलं तरी, "दोन मिनिटांत येतो" असलं तरी, सावली असली तरी.

मूल वाटेतच झोपलं तर? जेवणाचा बेत मोडा. पार्सल घ्या आणि घरी जा. झोपेतून उठवून हॉटेलात नेलेलं मूल जेवत नाही आणि कोणाला जेवूही देत नाही.

## टप्पा ७: हॉटेलात

बसण्याची जागा. भिंतीकडेचं टेबल, स्वयंपाकघराच्या दारापासून लांब. वेटर ज्या वाटेने गरम भांडी नेतात त्या वाटेकडे मुलाची खुर्ची येऊ देऊ नका. मुलाला भिंतीच्या बाजूला आणि मोठ्या माणसाला वाटेच्या बाजूला बसवा.

खुर्ची. उंच खुर्ची हाताने हलवून बघा, डगमगत असेल तर बदलून मागा. पट्टा दोन पायांमधून आणि कमरेवरून असा दोन्ही जागी लागला पाहिजे. नुसता कमरेचा असेल तर मूल खालून सरकतं. ताट आणि खुर्चीचे हात वाइप्सने पुसा. खुर्ची टेबलाच्या इतकी जवळ नको की मूल पायाने टेबल ढकलून खुर्चीसह मागे पडेल.

टेबल मोकळं करा. सुऱ्या, काटे, काचेचे पेले, मीठ-मिरीच्या बाटल्या मुलाच्या हाताच्या टप्प्याबाहेर सरकवा. टप्पा म्हणजे ताणलेला हात आणि वर वीतभर. टेबलावरचं कापड लोंबत असेल तर दुमडून वर घ्या, कारण मूल ते ओढतं आणि वरचं सगळं त्याच्या अंगावर येतं. चहा-कॉफीसारखं गरम पेय मूल मांडीवर असताना घेऊ नका. ओतल्यावर पंधरा मिनिटांनीही ते लहान मुलाची त्वचा भाजू शकतं.

भाजलंच तर तिथलं कापड, दागिना किंवा डायपर लगेच काढा, कातडीला चिकटलेलं असेल तर मात्र ओढू नका. भाग वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरा. बर्फ, तूप, टूथपेस्ट काहीही लावायचं नाही. मग डॉक्टर.

ऑर्डर. मुलांचं आधी, बसता बसता, मोठ्यांच्या मेनूची वाट न बघता. साधा, लवकर होणारा पदार्थ. सोबत "मुलांचं तयार झालं की लगेच आणा, आमच्यासाठी थांबू नका" हे वाक्य म्हणा. ते न म्हटल्यास सगळं एकत्र येतं, आणि तोपर्यंत मूल पाव किंवा पाण्यावर पोट भरून बसलेलं असतं. खाण्यात एक ओळखीचं आणि एक नवं असावं. दोन्ही नवी नकोत. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या वाट्याचं मीठ घालण्याआधी काढून द्यायला सांगा. ते जमत नसेल तर त्याचं खाणं घरून न्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दुधाशिवाय काहीच लागत नाही, ते या सगळ्यात उलट सोपं.

ॲलर्जी असेल तर "यात दाणे आहेत का?" एवढं विचारून थांबू नका. वेटर पदार्थातला मुख्य घटक बघून "नाही" म्हणतो. विचारायचं असतं ते तेल, वाटण, सॉस, तळण्याची कढई आणि पळी यांबद्दल: याच तेलात आणखी काय तळता? उत्तर अडखळत आलं तर स्वयंपाक करणाऱ्याला बोलवा, किंवा तो पदार्थ सोडा. अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, वारंवार उलटी किंवा श्वासाला त्रास दिसला तर डॉक्टरांनी दिलेलं औषध लगेच द्या आणि तातडीची मदत बोलवा. "थोडं बघू" म्हणत बसू नका.

पान आल्यावर. वरून कोमट लागलेला घास आत चटका देणारा असू शकतो. मधून फोडा, वाफ जाऊ द्या, मधलाच भाग स्वतःच्या ओठाला लावून बघा. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं असेल तर आधी ढवळा, कारण ते सगळीकडे सारखं तापत नाही. मग कात्री काढा. मूल बसूनच खाईल. पळता पळता घास नाही, हसवत हसवत घास नाही.

ठसका आणि घुसमट यांत फरक करा. ठसक्यात मूल खोकतं, आवाज करतं, लाल होतं. त्याला खोकू द्या. घुसमटीत आवाजच येत नाही. अशा वेळी मदतीसाठी ओरडा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून खांद्यांच्या पात्यांमध्ये तळव्याने पाच थापा मारा. वस्तू निघाली नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब द्या. त्याहून मोठ्या मुलाला पुढे वाकवून पाच थापा, मग पाठीमागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर असे झटके. आलटून पालटून करत राहा. वस्तू दिसत नसेल तर तोंडात बोट घालून चाचपू नका, ती आणखी आत जाते. हे वाचून येत नाही. प्रथमोपचाराचा एखादा वर्ग आईबापांनी केलेला असावा.

बिल. मुलांची पानं अर्धी झाली की बिल मागा, तुमचं जेवण चालू असतानाच. मुलांचा धीर संपतो तेव्हा दार गाठायला दोन मिनिटं लागली पाहिजेत, पंधरा नाही. किरकिर सुरू झाली की एकाने मुलाला बाहेर चक्कर मारून आणायची. फोन हातात देण्याबद्दल मी सोवळं पाळत नाही. पण तो शेवटचा उपाय असू द्या. बसल्या बसल्या दिला तर पुढे हातात काहीच उरत नाही.

उठताना जमिनीवरचे मोठे सांडलेले घास कागदाने उचला. सगळं झाडायची गरज नाही. उरलेलं बांधून घ्यायचं तर मुलाच्या ताटातलं उष्टं नको, भांड्यातलं न उष्टावलेलं घ्या, आणि त्याचंही दोन तासांचं घड्याळ पान आल्यापासून मोजा.

## टप्पा ८: घरी पहिली दहा मिनिटं

मूल झोपवणं आणि माल लावणं एकाच वेळी येतं. एकाने मूल घ्यायचं, दुसऱ्याने थंड पिशवी. एकटे असाल तर आधी थंड माल फ्रीजमध्ये, मग मूल, बाकीची भाजी नंतर. ती तासभर थांबते.

सगळी भाजी आणल्या आणल्या धुऊन ठेवायचा उत्साह टाळा. ओल्या राहिलेल्या भाजीला बुरशी लवकर धरते. खायच्या वेळी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साबण लावू नका. साल काढायची फळंही धुवा, नाहीतर सुरीबरोबर सालीवरची घाण गरात जाते. हे काम मुलांना द्यायला चांगलं आहे.

गाजर, मुळा, बीट यांचा पाला लगेच कापून वेगळा करा, तो कंदातलं पाणी ओढत राहतो. पालेभाजी कोरड्या कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये. कच्चे टोमॅटो बाहेर. केळी, सफरचंद आणि पिकते टोमॅटो पालेभाजीजवळ ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. बटाटे अंधारात आणि कांद्यांपासून लांब. कच्चं मांस फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, थेंब दुसऱ्या कशावर पडणार नाही असं.

हॉटेलातून आणलेलं दुसऱ्या दिवशी द्यायचं असेल तर तेवढाच भाग काढून वाफ येईपर्यंत, आतून ७४ अंशांपर्यंत तापवा आणि मग निववून भरवा. एकदा गरम करून उरलेलं पुन्हा मुलांच्या ताटात नको.